मेहवाच्या चित्रात फुलं इतकी कमी का असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सोलहून आलेल्या भावाने ५० हजार वॉनची नोट दाखवली. मागच्या बाजूला शाईने काढलेलं एक झाड आहे, वर चंद्र. बुंधा मोडका, फांद्या काठीसारख्या सरळ, फुलं मोजकीच. हे तिथलं फार नावाजलेलं चित्र आहे म्हणे. त्यात एवढं काय आहे? प्लमच्या फुलाचा तिथे अर्थ काय? मी जलरंगात काम करते. हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू?"

आधी नोटेचा उलगडा करतो. ते चित्र 'वोलमेदो', म्हणजे चंद्र आणि मेहवा. तुम्ही ज्याला प्लम म्हणता, त्याचंच कोरियन नाव मेहवा. चित्रकार ऑ मोंग-र्योंग, जन्म १५६६. मूळ चित्र रेशमावर नुसत्या शाईने काढलेलं आहे, साधारण ११९ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, आणि ते सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नोटेवर त्याच्या मागे जो वाऱ्यात वाकलेला बांबू दिसतो, तो दुसऱ्या चित्रातला, यी जंग या चित्रकाराचा. २००९ साली ही नोट काढताना दोन्ही चित्रं एकत्र छापली. मूळ चित्र पाहिलं नसेल तर नोटेवरून गैरसमज होतो, कारण मूळ चित्रात बांबूचं पानही नाही. तिथे रिकामी जागा आहे, आणि ती फार आहे.

मेहवा हे झाड आपल्या आलुबुखारापेक्षा जर्दाळूच्या जवळचं. थंडी सरण्याआधी, पानं फुटायच्या आत फुलतं. आपल्याकडे पळसही पानं झडल्यावर फुलतो, त्यामुळे नुसत्या काटक्यांवर बसलेलं फूल आपल्या डोळ्यांना परकं नाही. पण पळस उन्हाची चाहूल घेऊन येतो आणि सगळा माळ पेटवतो. मेहवा बर्फ पडत असताना उमलतो आणि एका फांदीवर चार-पाच फुलं आली तरी लोक ती बघायला डोंगर चढून जात.

आता चित्राकडे. तुम्ही फुलाबद्दल विचारलंत, पण नजर फांदीवर ठेवा. ऑ मोंग-र्योंगच्या चित्रात खाली जाड, जुना बुंधा आहे, वरून तुटलेला. तो एका ओढीत आलेला दिसतो. कुंचला आडवा धरला, शाई जवळजवळ संपत आली असताना वेगाने ओढला, की केस फाकतात आणि फटकाऱ्याच्या आत पांढरे पट्टे उरतात. कोरियन चित्रकार याला 'बिबेक' म्हणतात, उडती पांढरी. साल सुकलेली आहे, आतून पोकळ आहे, हे सगळं त्या एका कोरड्या ओढीतून कळतं. सालीची एकही रेघ वेगळी काढावी लागत नाही. आणि या मोडक्या बुंध्यातून बारीक कोवळ्या फांद्या सरळ वर गेल्या आहेत. त्यातली एक इतकी लांब की तिचं टोक थेट चंद्रापाशी पोचतं. फुलं? फांदीच्या कडेला बसलेले फिकट ठिपके. पहिल्या नजरेत दिसतही नाहीत.

झाड इतकं सरळ वाढतं का, असा प्रश्न त्या काळातही निघाला. कोरियात आलेल्या, चीनच्या मिंग राजवटीतल्या एका अधिकाऱ्याने म्हणे ऑ मोंग-र्योंगचं चित्र बघून शेरा मारला की काम उत्तम आहे, पण एकही फांदी उलटी लोंबत नाही, त्यामुळे जर्दाळूचं झाड वाटतं. शेरा चीनच्या बाजूने बरोबरच होता. तिकडे युआन काळातल्या वांग म्यान नावाच्या चित्रकाराने लांब कमानीसारख्या फांद्या आणि त्यावर फुलांची दाटी अशी मोठी परंपरा घालून दिली होती. कोरियाने शाईचा मेहवा चीनकडूनच घेतला, आणि सोळाव्या-सतराव्या शतकात त्याची फुलं छाटून टाकली. तुटका बुंधा, उभी काडी, थोडी फुलं, बाकी कोरी जागा. कोरियन मेहवा कसा ओळखायचा म्हणून कुणी विचारलं तर मी ही खूण सांगतो. निदान या दोन शतकांपुरती ती बहुतेक वेळा लागू पडते.

चंद्राचंही एक कारण आहे. सोंग काळातल्या लिन बू या चिनी कवीने हांगचौच्या तळ्याकाठी राहून मेहवावर लिहिलं: उथळ पाण्यावर तिरप्या विरळ सावल्या, आणि संध्याकाळच्या चंद्राखाली तरंगणारा लपलेला सुगंध. हा माणूस लग्न न करता राहिला. मेहवा त्याची बायको आणि क्रौंच त्याची मुलं, असं लोक म्हणत. त्या ओळी कोरियातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला पाठ होत्या. त्यामुळे झाडावर चंद्र ठेवला की बघणाऱ्याला आपोआप वास आठवायचा. वास रंगवता येत नाही. चंद्र रंगवता येतो. तोही खरं तर रंगवत नाहीत. भोवतीचं आकाश पातळ शाईने हलकं मळवायचं आणि मधे गोल कोरा सोडायचा. जलरंगवाल्यांना ही युक्ती सांगायला नको.

आता अर्थ. पुस्तकांत सापडणारं उत्तर असं: मेहवा, ऑर्किड, शेवंती आणि बांबू हे 'सागुंजा', चार सज्जन, मेहवा म्हणजे थंडीत न वाकणारा चारित्र्यवान विद्वान. हे खरं आहे, आणि एवढंच पाठ करून चित्रासमोर उभं राहिलात तर दोन मिनिटांत कंटाळा येईल. मेहवाचा अर्थ काढणाऱ्याच्या आयुष्याबरोबर बदलत गेला आहे. म्हणून मी माणसं सांगतो.

पहिला माणूस चित्रकार नव्हे. यी ह्वांग (१५०१–१५७०), थ्वेग्ये या नावाने ओळखला जाणारा कन्फ्यूशियसपंथी विचारवंत. एक हजार वॉनच्या नोटेवर तोच आहे आणि त्याच्या शेजारी मेहवाही आहे. याने मेहवावर नव्वदहून अधिक कविता लिहून त्यांचं स्वतंत्र बाड केलं. काही कवितांत तो झाडाशी बोलतो आणि झाड उत्तर देतं. मरणाच्या दिवशी त्याने सांगितलं ते एवढंच की त्या मेहवाला पाणी घाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण चित्रं बघताना ती कामी येते: तो बोलत होता ते कुंडीतल्या झाडाशी. सोलच्या थंडीत हे झाड बाहेर जगवणं तेव्हा कठीण जायचं. उघड्यावरचे जुने मेहवा दक्षिणेला, सनाम्सा, ह्वाओम्सा, पेग्यांग्सा अशा मठांच्या आवारात आहेत. राजधानीतले विद्वान कुंडीत झाड वाढवत, हिवाळ्यात उबदार खोलीत ठेवत आणि नववर्षाच्या आसपास ते फुलवत. म्हणजे 'बर्फाला न डगमगणारं फूल' याबद्दल लिहिणाऱ्या कित्येकांनी ते पाहिलं होतं गरम जमिनीच्या खोलीत, हातात पेला घेऊन. मला यात विसंगती दिसत नाही, थोडी गंमत मात्र वाटते.

दुसरा ओ दाल-जे (१६०९–१६३७). १६३६च्या हिवाळ्यात मांचूंच्या चिंग सैन्याने कोरियावर स्वारी केली आणि राजाला शरण जावं लागलं. शरणागतीला उघड विरोध करणाऱ्या तीन विद्वानांना मांचूंच्या राजधानीत, शेनयांगला, नेऊन मारण्यात आलं, त्यातला हा एक. तिशीही गाठली नव्हती. तो शाईचा मेहवा काढायचा, आणि पद्धत ऑ मोंग-र्योंगच्याच वळणाची होती: मोडका बुंधा, वर जाणारी काडी. चित्र तेच, पण त्याच्या मृत्यूनंतर ते कुणी आधीसारखं पाहू शकलं नाही. पुढे सुकजोंग आणि यंगजो या राजांनी त्याच्या मेहवाच्या चित्रासाठी कविता लिहिल्या. तुटलेल्या बुंध्याला युद्धाशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्याआधी १५९२ ते १५९८ जपानी स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झालेला होता. यी जंगचा हातही त्या युद्धात तलवारीने जखमी झाला होता. पण मोडका बुंधा ही रीत युद्धाच्या आधीपासूनची. ऑ मोंग-र्योंगने युद्ध रंगवलं असं मी म्हणणार नाही. युद्ध पाहिलेल्या लोकांना ती रीत जवळची वाटली, एवढं म्हणता येतं.

तिसरं चित्र माझं सर्वांत आवडतं, आणि त्यात ताठ मान वगैरे काही नाही. जंग याक-योंग (१७६२–१८३६), म्हणजे दासान. मोठा विद्वान, दरबारी राजकारणात अडकला आणि १८०१ ते १८१८ अशी अठरा वर्षं हद्दपारीत गेली. त्यातली बहुतेक दक्षिणेच्या कांगजिनमध्ये. तिथे असताना बायकोने घरून आपला जुना घागरा पाठवला, लग्नातला, रंग उडालेला. त्याने तो कापला. आधी दोन मुलांसाठी त्या कापडावर उपदेशाच्या वह्या केल्या. उरलेल्या तुकड्यावर १८१३ साली, लग्न झालेल्या मुलीसाठी, मेहवाची एक फांदी काढली आणि तिच्यावर दोन पाखरं बसवली. खाली स्वतःच्या अक्षरात कविता: पाखरं भुर्रकन येऊन माझ्या अंगणातल्या मेहवावर बसली, सुगंध आहे म्हणून आली असतील, आता इथेच राहा, घरटं करा, फुलं बहरली आहेत, फळंही भरपूर लागतील. शेजारी कापडाची हकिकतही लिहून ठेवली आहे. हे चित्र कोरिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

चित्रकलेच्या कसोटीवर दासान काही ऑ मोंग-र्योंग नव्हे. फांदी साधी आहे, पाखरं जरा बाळबोध. पण बघा, इथे मेहवा फळं धरणारं झाड आहे. विद्वानांच्या चित्रांत या झाडाला फळ लागतं याची आठवणसुद्धा कुणाला नसते! बापाला मात्र ते आठवलं. दोन्ही पाखरं एकाच दिशेला बघतात. मुलीचं लग्न झालं तेव्हा तो घरी नव्हता, आणि तिच्या संसाराला देण्यासाठी त्याच्याकडे होतं ते बायकोच्या घागऱ्याचं कापड आणि शाई. 'मेहवा म्हणजे चारित्र्य' हे वाक्य घेऊन या चित्रापुढे उभं राहिलात तर हाती काही लागणार नाही.

आणि मग एकोणिसाव्या शतकात बांध फुटतो. जो ही-र्योंग (१७८९–१८६६) हा दुभाषे, वैद्य, कारकून अशांच्या मधल्या थरातला, उच्चकुलीन नव्हे. मेहवाचं याला अक्षरशः वेड. मेहवाचा पडदा लावून झोपायचा, मेहवाच्या नावाचं शाईपात्र, मेहवाच्या नावाची शाई, मेहवावर शंभर कविता करायच्या म्हणून घराला तसं नाव, घसा सुकला की मेहवाचा चहा. त्याचं 'मेहवा सोओकदो' हे चित्र सोलच्या कानसोंग संग्रहालयात आहे: डोंगराच्या कुशीत लहानसं घर, खिडकीतून दिसणारा माणूस फुलदाणीतल्या एका फांदीकडे बघत बसलेला, आणि बाहेर फुलांचा असा भडिमार की बर्फ पडतंय की झाड फुललंय हे कळू नये. ठिपक्यांवर ठिपके. लाल मेहवाच्या त्याच्या मोठ्या चित्रांत तर बुंधा अजगरासारखा पिळत वर जातो आणि लाल फुलं कागदभर उधळलेली. ऑ मोंग-र्योंगची ती एकटी काडी आठवा आणि हे बघा.

त्याला गुरुस्थानी असलेला विद्वान आणि सुलेखनकार किम जंग-ही, म्हणजे चुसा, याला हे रुचलं नाही. आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने ऑर्किडच्या चित्रांच्या संदर्भात म्हटलं की जो ही-र्योंगसारखे लोक तंत्राच्या वाटेतून बाहेर पडत नाहीत, कारण त्यांच्या छातीत अक्षरांचं सत्त्व नाही, म्हणजे वाचलेली विद्या मुरलेली नाही. चुसा थोर होता, पण इथे मला त्याच्या बोलण्यात कुळाचा ताठा ऐकू येतो. जो ही-र्योंगला मेहवाकडून चारित्र्याचं प्रमाणपत्र नको होतं, त्याला आनंद हवा होता. त्याच्याच वर्तुळातल्या, तिशीच्या आत गेलेल्या जन गीनेही असंच फुललेल्या डोंगरातलं घर काढलं आहे. त्यात पूल ओलांडून लाल कपड्यात एक मित्र भेटायला येतोय, खांद्यावर वाद्य घेऊन. मेहवा आता मैत्रीचंही झाड झालं होतं.

जो ही-र्योंगनेच किम होंग-दो या मोठ्या चित्रकाराची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. घरात खायला नव्हतं. कुणीतरी एक मेहवा विकायला आणला, घ्यायला पैसे नव्हते. तेवढ्यात एका चित्राची तीन हजार नाणी आली. दोन हजारांचा मेहवा घेतला, आठशेंची दारू आणून मित्रांना पाजली, उरलेल्या दोनशेंत तांदूळ आणि सरपण. ते एक दिवसही पुरलं नाही. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असेलही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, शिकायचं कसं.

जलरंगाचा हात असल्याने तुम्हाला पाण्याचा अंदाज आहे, ही मोठी जमेची बाजू. अडचण दुसरीकडे येईल: जलरंगात आपण थर देतो, सुकू देतो, परत जातो. इथे परत जाता येत नाही. कोरियात सरावासाठी वापरतात तो 'ह्वासनजी' कागद शाई लगेच पितो. कुंचला थांबला की तिथे डबकं पसरतं, आणि दुसरी ओढ पहिलीवर घातली की दोन्ही मरतात. जलरंगाचा जाड कागद घेऊ नका, त्यावर शाई वरच बसून राहते. आपला सुती हातकागदही बहुधा सरस लावलेला असतो, त्यामुळे तोही घट्ट पडतो. दुकानात 'राइस पेपर' म्हणून मिळणारी गुंडाळी सुरुवातीला चालेल. शाई बाटलीतली चालते, पण वडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळून घेतलेल्या शाईत फिकट छटा जास्त जिवंत येतात. ती काजळी आणि सरसाची असते, म्हणून लागेल तेवढीच उगाळा. शिळी शाई पसरताना मळकट होते.

पहिले काही आठवडे फूल काढू नका. नवशिके फुलापासून सुरुवात करतात आणि मग फुलांना टांगायला फांदी शोधतात. असं चित्र लांबून ओळखू येतं. आधी बुंधा. कुंचला फिकट शाईत बुडवा, टोकाला गडद शाई लावा, जास्तीची पुसून टाका, आडवा धरा आणि खालून वर ओढा. कोपरापासून खांद्यापर्यंत सगळा हात हलला पाहिजे. नुसत्या मनगटाने ओढलेला बुंधा दोरीसारखा दिसतो. मधे क्षणभर थांबा, दिशा बदला, पुन्हा ओढा. थांबता तिथे गाठ आपोआप होते. वेग आणि कोरडेपणा जुळला की बिबेक येते. ती मुद्दाम काढायला गेलात, रिकाम्या कुंचल्याने घासलंत, तर खरवडल्यासारखी दिसते. शाई पुरेशी हवी, वेग जास्त हवा.

बुंधा ओढतानाच मनात ठरवा की फुलं कुठे येणार, आणि तिथे फांदी तोडून जागा सोडा. शाईवर पांढरं फूल बसवता येत नाही. मग कुंचला उभा धरून बारीक फांद्या, एका झटक्यात, बुडापासून टोकाकडे. टोकाला हळू होऊ नका. दोन फांद्या समोरासमोर एकाच ठिकाणाहून फुटल्या की शिडी तयार होते, ती टाळा.

मग फूल. मेहवाच्या पाकळ्या पाच, गोल, आणि त्यांना टोकाला खाच नसते. खाच काढलीत की चेरी झाली. देठही जवळजवळ नसतो, फूल फांदीला चिकटून बसतं. लांब देठावर लोंबवलंत की पुन्हा चेरी. इंटरनेटवर 'प्लम ब्लॉसम' म्हणून शिकवलेली पुष्कळ फुलं मुळात चेरी असतात. पाकळी दोन प्रकारे काढतात: रेषेने वेढून, किंवा 'मोलगोल' म्हणजे रेषेविना, फिकट शाईचा एकेक ठिपका ठेवून. तुम्ही मोलगोलने सुरू करा, जलरंगाचा हात तिथे कामी येतो. पाकळ्या अर्धवट सुकल्या की सर्वांत गडद शाईने पुंकेसर, मधून बाहेर झटकलेले, टोकाला ठिपके. आणि पाठमोऱ्या फुलाला निदलपुंजाचे दोन-तीन ठिपके. हे गडद ठिपके चित्राचा ताल ठरवतात. सगळ्या फुलांना सारखे दिलेत तर छापील कापड होतं. एक फूल समोर बघणारं, एक पाठमोरं, दोन-तीन कळ्या, आणि एखादं इतकं फिकट की आहे की नाही कळू नये. एवढी पाच-सहा फुलं एका चित्राला पुरतात. जो ही-र्योंगचा पाऊस नंतर.

सरावासाठी एक जुना खेळ आहे. चीनमधून आलेला, कोरियातही खेळला जायचा. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी नुसत्या रेषेने एक्याऐंशी पाकळ्यांची मेहवाची फांदी काढून भिंतीला लावायची आणि रोज एक पाकळी रंगवायची. नऊ नव्वे एक्याऐंशी दिवसांत थंडी सरते. आपल्याकडे २१-२२ डिसेंबरला सुरू केलंत तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल, साधारण तेव्हाच दक्षिण कोरियात सोमजिन नदीकाठच्या क्वांगयांगला मेहवा बहरात असतो. रंगवलेली प्रत्येक पाकळी वेगळ्या छटेची येऊ द्या; पाण्याचं प्रमाण हाताला कळायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

भाऊ पुन्हा सोलला जाणार असेल आणि तुम्हीही जाणार असाल, तर एक सूचना. रेशमावरची आणि कागदावरची जुनी चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून संग्रहालयं ती आलटूनपालटून मांडतात. 'वोलमेदो' बघायचं असेल तर राष्ट्रीय संग्रहालयात त्या महिन्यात ते बाहेर काढलं आहे का, ते आधी विचारून घ्या. कानसोंगमध्ये तर प्रदर्शनं ठरावीक काळापुरतीच असतात. चित्र समोर आलं की आधी काचेच्या शक्य तितकं जवळ जा आणि बुंध्याच्या कडेला कुंचल्याचे केस कुठे फाकले आहेत ते शोधा. नोटेवरच्या छपाईत नेमकं तेच हरवलेलं आहे.